पत्ता बरोबर आहे

‘डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, अर्ध्या चंद्राच्या आकाराचा.’

पडद्यावरचं हे वाक्य इंग्रजीत होतं. मी ते वाचलं तेव्हा माझ्या तोंडात इडलीचा घास होता, तो गिळायचाच राहून गेला. लिहिणाऱ्याने चंद्र म्हटलं असलं तरी तो डाग करंजीचा आहे. झाऱ्यावरून घसरलेली करंजी सारिकाच्या मनगटावर पडली तेव्हा मी तिच्या शेजारी बसून सारण भरत होते. ती रडली नाही, मीच रडले होते.

खाली आणखी लिहिलं होतं. वय सत्तावीस, गणितातली पदवी, डावखुरी, मागच्या वर्षी घर सोडून गेली. मग तिच्या जुन्या, बंद केलेल्या मोबाईलचे शेवटचे आकडे, जे मी झोपेतही म्हणून दाखवले असते. आणि सगळ्यात शेवटी, ‘सध्या कुठे राहते तो पत्ता हवा आहे.’

सारिका माझी मावसबहीण. सुबोध नावाच्या, आमच्या जातीबाहेरच्या मुलाशी तिने लग्न केलं होतं. तिचा थोरला भाऊ रणजितदादा याने देवघरासमोर उभं राहून सांगितलं होतं की, सापडतील त्या दिवशी दोघांनाही जिवंत ठेवणार नाही. ही नुसती रागातली भाषा आहे असं आमच्या घरात कोणीच मानलं नाही, कारण दादाला सगळे ओळखून होते. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत आणि मला अजून तिकडे लग्नाकार्याला जावं लागतं.

सारिका कुठे आहे हे आमच्या सगळ्या गोतावळ्यात फक्त मला माहीत होतं. शेगडी आणि कुकर पिशवीत घालून मीच त्या दोघांना येवल्याला सोडून आले होते.

मी तेव्हा पुण्यात, औंधला एका लहानशा कंपनीत होते. खाली डोशाचं हॉटेल, वर आमची चार टेबलं. काम विचाराल तर चोरबाजारात रोज फेरफटका मारणं. इंटरनेटच्या तळघरात, डार्कनेट म्हणतात तिथे, असे बाजार भरतात. चोरलेली कार्डं, खात्यांचे पासवर्ड, लोकांची खासगी माहिती, सगळं तिथे विकायला असतं. आमच्या गिऱ्हाईक बँकांचं आणि पतसंस्थांचं काही तिथे आलंय का, हे आम्ही बघायचो. मालक चौबळ सर बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा नियम एकच होता. फक्त बघायचं, काही घ्यायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. आईला मी ‘बँकेचं काम’ एवढंच सांगितलं होतं.

त्या बाजारात शिरायचं म्हणजे मोठा सोहळाच असायचा. ब्राउझर वेगळा. बाजाराचा पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक खिचडी, तीही सारखी बदलणारी. शिवाय भामट्यांनी हुबेहूब तसेच खोटे दरवाजे मांडून ठेवलेले असत. त्यातून आत गेलात की तुमचा पासवर्ड गेला. म्हणून खरा दरवाजा तुम्ही आधी ठरवून ठेवलेला शब्द दाखवायचा. माझा शब्द होता ‘थालीपीठ’. तो दिसला की एक कुलूपबंद निरोप यायचा, तो आपल्याच किल्लीने उघडायचा आणि आतला आकडा भरायचा. एवढा बंदोबस्त मी कुठल्या बँकेतही पाहिला नाही.

सारिकाबद्दलच्या त्या मागणीखाली शेरा होता, ‘काम दिलं आहे.’ काम घेणाऱ्याचं टोपणनाव ‘पिनकोड’. त्याच्या पानावर गेले. त्याच्याकडे विकायला एकच गोष्ट होती, माणसांचे पत्ते. खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय आणि पाच-पाच तारे. ‘पत्ता अचूक. बाई घरीच सापडली.’ ‘झटपट काम. पुन्हा नक्की घेईन.’ लोक चपलांबद्दल लिहितात तसं लिहिलं होतं.

“सर, जरा इकडे येता?”

चौबळ सर आले. त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

“ही तुझी कोण?”

“मावसबहीण.” मग मी त्यांना सगळं सांगितलं.

“आणि मागणारा तो भाऊ, असं तुला वाटतं?”

“त्या डागाचं घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नाही, सर.”

“पण तो गावाकडचा माणूस. इथवर पोहोचेल?”

“त्याचे वाळूचे ट्रक आहेत. असली कामं करून देणारी माणसं त्याच्याकडे असतात.”

सरांनी खुर्ची ओढली. एरवी ते माझ्या शुद्धलेखनावरून, डब्यावरून, चष्म्याच्या भिंगांवरून टोमणे मारत. त्या सकाळी त्यांनी एकही मारला नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

“ऑर्डर उघडून बघता येणार नाही?” मी विचारलं.

“नाही. पत्ता गिऱ्हाइकाच्या किल्लीने बंद होऊन जाणार. बाजार चालवणाऱ्यालासुद्धा तो वाचता येत नाही.”

“आणि पैसे?”

“पैसे मध्ये बाजाराकडे अडकलेले असतात. माल बरोबर निघाला असं गिऱ्हाइकाने म्हटलं की विकणाऱ्याला सुटतात. खोटा निघाला म्हटलं की रोखून धरतात आणि बाजारवाला निवाडा करतो. चोर एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून ही सोय.”

“पण पत्ता बरोबर निघाला हे गिऱ्हाइकाला कळणार कसं?”

“जाऊन बघितल्यावर,” ते म्हणाले.

म्हणजे ‘पिनकोड’च्या पानावर सारिकाच्या नावचे तारे उमटले, की समजायचं, कोणीतरी तिच्या दारापर्यंत जाऊन आलं. मी टेबलावरचा फोन उचलला. सरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

“हे लोक फोनच्या नोंदीही विकत घेतात. ती कुणाशी बोलते हेच तर ते शोधत असणार. आज तू तिला फोन केलास तर तू स्वतः बोट दाखवून मोकळी होशील.”

“मग पोलीस?”

“मी सायबरला अर्ज देतो, तिथे माझी ओळख आहे. पण आज अर्ज दिला म्हणून आज गाडी निघत नाही, वृंदा.”

तालुक्याच्या पोलिसांचा तर अनुभव घेऊन झाला होता. लग्न झाल्यावर सारिका आणि सुबोध संरक्षण मागायला गेले, तेव्हा तिथल्या हवालदाराने समजूत काढायला म्हणून रणजितदादालाच बोलावून घेतलं. ती दोघं मागच्या दाराने निसटली होती.

“मी जाते,” मी म्हणाले.

मी मुळात भित्री आहे. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढते. पण ते वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं आणि आता ते परत घ्यायची लाज वाटत होती. मोबाईल ऑफिसातच ठेवायचा, सर त्या पानावर लक्ष ठेवतील, मी वाटेत कुणाच्या तरी फोनवरून ऑफिसच्या लँडलाइनवर विचारायचं, असं ठरलं. निघताना सरांनी मला त्यांचा डबा दिला. मी तो उघडलाही नाही.

मनमाडची एसटी मिळाली. खिडकीजवळ बसले, पिशवी पायाशी. मोबाईल नसल्याने हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. डोळे मिटले की ‘बाई घरीच सापडली’ हे शब्द दिसत होते. सारिका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालते, दुपारी शिकवणीची मुलं येतात, दार उघडंच असतं. ते दार मला पुनःपुन्हा दिसत होतं आणि प्रत्येक वेळी त्यात रणजितदादा उभा असायचा.

नगरच्या स्टँडवर उतरून एका बाईंचा फोन मागून घेतला.

“अजून काही नाही,” सर म्हणाले. “बस चुकवू नकोस.”

नगरला एक मिशीवाला गडी चढला आणि माझ्या मागच्या बाकावर बसला. काचेत मला त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो माझ्याकडेच बघत होता. राहुरी आली तरी बघतच होता. मी मनातल्या मनात ठरवलं की हा येवल्याला उतरला तर मी उतरणार नाही, थेट मनमाडला जाईन. तेवढ्यात तो उठला आणि माझ्यापाशी येऊन वाकला.

“ताई, तुमची पिशवी सरकत माझ्या पायापाशी आलीया,” तो म्हणाला. “डबा सांडंल आतला. कवाधरनं सांगावं म्हणतोय, पर तुम्ही लय टेन्शनमध्ये दिसता.”

मला हसू आलं नाही. पुढच्या थांब्याला तो उतरून गेला तरी मी मागे वळून बघत होते.

कोपरगावला गाडी जरा थांबली. चहाच्या टपरीवाल्याने त्याचा फोन दिला. पहिल्याच रिंगला सरांनी उचलला, म्हणजे ते फोनपाशीच बसून होते.

“वृंदा,” ते म्हणाले, “तारे आले.”

“किती?” हा मूर्ख प्रश्न मीच विचारला.

“पाच. लिहिलंय, ‘पत्ता बरोबर आहे. फोटोसकट मिळाला. काम नेमकं आणि वेळेत.’ तू तिथेच उतर. एकटी पुढे जाऊ नकोस. मी येवल्याच्या पोलिसांना फोन लावतो.”

“ते काय विचारतील, सर? कोण बाई, कुठली, कुणाची? आणि मग कुणाला फोन करतील?”

मी फोन परत दिला. टपरीवाल्याने न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला. “बसा ताई, कुणाचं बरंवाईट झालं का?” त्याने विचारलं. माहीत नाही, असं मी म्हणाले, कारण तेच खरं होतं. कंडक्टरने बेल दिली आणि मी पळत जाऊन गाडीत चढले. का चढले हे मला अजून सांगता येत नाही. घाबरलेला माणूस मागेच पळतो असं नाही, एवढं तेव्हा कळलं.

येवल्यात सारिकाची खोली एका विणकराच्या घरावर होती. खाली पैठणीचे माग, बाजूने लोखंडी जिना. लांबूनच मागाचा खटखट आवाज ऐकू आला आणि मला जरा धीर आला. घरात काही भयंकर झालं असतं तर माग चालू नसते. घरमालकीण शोभाकाकू ओट्यावर रेशमाच्या कांड्या भरत बसल्या होत्या.

“सारिका आहे?”

“असंल की. सकाळपासून खाली नाही आली. शिकवणीची पोरं आली तर वरूनच परत लावली.”

“कोणी आलं होतं का तिच्याकडे?”

“आज नाही.” त्यांनी कांडी बदलली. “काल एक जण आलता. गॅसचं केवायसी करायचं म्हणे. तिचं नाव विचारलं, जिन्याचा फोटो काढला. मी म्हटलं, बाबा, जिन्याचं कसलं रे केवायसी? तर हसला अन् गेला.”

मी जिना चढले. दार बंद होतं. हाक मारली, आतून आवाज नाही. पुन्हा मारली. आत काहीतरी धातूचं जमिनीवर सरकलं आणि पुन्हा सगळं शांत झालं. दादा आत आहे, असंच मला वाटलं. तिचं तोंड दाबून उभा आहे. मला पळून जायचं होतं. लाज वाटते, पण खरंच जायचं होतं.

“सारिका, मी वृंदा,” मी म्हणाले.

कडी निघाली. दारात सारिका उभी होती, हातात विळी घेऊन. मी तिला आधी मिठी मारली आणि मग पाठीत एक जोरात धपाटा घातला. तेवढं झाल्यावर मला रडू आलं. तिच्या मागे सुबोध जमिनीवर बसला होता. तो तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. त्याच्यापुढे लॅपटॉप उघडा होता आणि तो उठायचंही विसरला होता.

“पिशवी भर,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता निघायचं. दादाला तुझा पत्ता मिळालाय.”

“दादाला नाही मिळालेला,” सारिका म्हणाली. “मला मिळालाय.”

मला काही समजलं नाही. मी सुबोधकडे बघितलं. त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर ‘पिनकोड’चं पान होतं, आमच्या ऑफिसात होतं तेच. बाजूला एक फोटो उघडलेला. हाच लोखंडी जिना, हीच गॅलरी, आणि गॅलरीत दोरीवर परकर टाकणारी सारिका.

“मागणी आम्हीच टाकली होती, ताई,” सुबोध खालच्या आवाजात म्हणाला.

“कशासाठी?”

त्याने सारिकाकडे बघितलं. ती विळी कोपऱ्यात ठेवून माझ्यासमोर बसली.

“तुला माहीत नाही इथे कसं असतं,” ती म्हणाली. “जिना वाजला की मी ही विळी घेऊन दारामागे उभी राहते. दूधवाला आला तरी. याला घरी यायला जरा उशीर झाला तर मी याचं बारावं करून मोकळी होते मनात. दिवसभर एकच डोक्यात, सापडलो का, सापडलो का. मग मी याला म्हटलं, एकदा बघूनच टाकू. गणित सोडवल्यावर ताळा करून बघतो ना, तसा. जो पैसे घेऊन माणसं शोधतो त्यालाच आपल्याला शोधायला लावू. त्यालाही नाही सापडलो, तर मग कुणालाच नाही सापडणार. मग मी झोपेन.”

“आणि सापडलात तर?”

“तर कुठे चुकलं ते तरी कळेल.” तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. “कळलं. सिम नवं घेतलं, आडनाव खोटं सांगितलं, सगळं केलं. पण स्पर्धा परीक्षेचं एक पुस्तक ऑनलाइन मागवताना खातं जुनंच वापरलं. तिथल्या कुणीतरी त्याला पत्ता विकला. काल त्याचा माणूस खात्री करायला येऊन गेला, सकाळी फोटो आला.”

मी सकाळपासून ज्या ताऱ्यांच्या धास्तीने मरत होते, ते माझ्याच बहिणीने दिले होते. दादा गावातच होता, त्याला कशाचा पत्ता नव्हता. क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकून हसायला लागले. आणि हसता हसताच त्या बाजाराची रीत आठवली आणि माझं हसू थांबलं.

“सारिका, अभिप्राय कधी दिलास?”

“फोटो आल्यावर. दुपारी.”

“पाच तारे?”

“पत्ता बरोबर होता ना.” ती मला समजावल्यासारखं म्हणाली. “वेळेत दिला, कुठून मिळाला तेही नीट लिहून दिलं. मग कमी कसे देणार? हा म्हणत होता काहीच लिहू नको, पण मला ते बरं वाटेना. त्याने काम केलं होतं.”

ही आमची सारिका. शिकवणीच्या पोरांनी उत्तर चुकवलं तरी पायऱ्यांचे अर्धे गुण देणारी. जो माणूस तिचा जीव विकायला निघाला होता, त्याचाही पेपर तिने प्रामाणिकपणे तपासला होता आणि पैकीच्या पैकी दिले होते.

“पत्ता चुकला असं लिहायचं होतंस,” मी म्हणाले. “पैसे अडकून राहिले असते. तो भांडत बसला असता. आणि मुख्य म्हणजे त्याच्या हातातल्या पत्त्याची किंमत गेली असती. तू सगळ्या बाजाराला सांगितलंस की हा माल खरा आहे.”

“पण तो एकदाच विकतो,” सुबोध म्हणाला. “त्याच्या नियमांत लिहिलंय.”

“पैसे सुटेपर्यंत तो नियम पाळतो. पैसे तुम्ही सोडलेत, आता त्याला कोण विचारणार? त्याचा माणूस इथे येऊन गेला. एक बाई खोटं आडनाव घेऊन राहते, घर सोडून आलीय, एवढं त्याला दिसलं. आता तो स्वतःच विचार करेल की ही बाई आणखी कुणाला हवी असेल. तुझा जुना नंबर तूच त्याला दिलास, सारिका. त्यावरून तुझं माहेर शोधायला त्याला किती वेळ लागेल?”

खाली माग चालू होता. सारिकाने हात लांब करून लॅपटॉपवर ते पान पुन्हा उघडलं, आणि आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. पान उघडायला नेहमीसारखाच वेळ लागत होता. आधी वरची पट्टी आली, मग टोपणनाव, मग विक्रीचा माल.

सगळ्यात वर नवी ओळ होती. ‘तयार पत्ता. तरुण स्त्री, घर सोडलेली, महाराष्ट्र. ताजा फोटो. आधीच्या गिऱ्हाइकाने खात्री केलेला.’

आधीची गिऱ्हाईक माझ्या शेजारी बसली होती. तिने तोंडावर हात दाबून धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तिला रडताना बघत होते, आणि तिच्या तोंडून अजिबात आवाज निघत नव्हता.

सुबोधने दोन बॅगा भरल्या. शेगडी, कुकर, भांडी तशीच ठेवली. मी खाली जाऊन शोभाकाकूंना सांगितलं की हिच्या सासरी तातडीचं काम निघालंय. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं. त्यांनी कांड्या बाजूला सारल्या.

“काल तो फोटोवाला आला तेव्हाच मला कसंसं झालतं,” त्या म्हणाल्या. “रेशमाचा टेम्पो आलाय मागच्या गल्लीत, आता निघंल. ड्रायव्हर माझा भाचा आहे. त्याला मी सांगते, विचारू नको म्हणून.”

मागच्या दाराशी टेम्पो उभा होता. सुबोध चढला. सारिका थांबली आणि माझा हात धरून माझ्या कानाशी आली.

“वृंदे, आम्ही आता—”

“सांगू नकोस,” मी म्हणाले.

“तुला तरी माहीत असू दे. कुणाला तरी माहीत पाहिजे गं.”

“नको. गावाचं नाव घेऊ नकोस, दिशासुद्धा सांगू नकोस. पोहोचल्यावर फोन करू नकोस. कधीच करू नकोस.” मी तिचा हात सोडवून घेतला. तो सुटत नव्हता. “मला माहीत असलं तर मी सांगेन, सारिका. तुला माहितीये मी कशी आहे. दादाने नुसता आवाज चढवला तरी मी सांगून टाकेन.”

तिने मान हलवली. टेम्पो निघाला तेव्हा मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे तो गल्लीच्या टोकाला कुठे वळला ते मला दिसणार नाही.

त्याच आठवड्यात ‘पिनकोड’च्या पानावर त्या ओळीपुढे ‘विकला’ असं आलं. सरांनी अर्ज दिला होता, सायबरवाल्यांनी चौकशीही केली, पण काही महिन्यांनी तो बाजारच एका दिवसात बंद झाला आणि चालवणारे सगळ्यांचे अडकलेले पैसे घेऊन पसार झाले. तोवर त्या विक्रीखाली अभिप्राय आलाच नव्हता. मी रोज बघायचे. पुढे ती नोकरीही सोडली.

दादाला मी टाळत होते, पण मामेभावाच्या लग्नात टाळता आलं नाही. मंगल कार्यालयात पंगत बसली होती आणि तो वाढायला होता. माझ्यापाशी आला, जिलेबीचं ताट घेऊन वाकला.

“घे की,” तो म्हणाला. “येवल्याला गेल्तीस म्हणं?”

दादा हसत होता, आजूबाजूला माणसं जेवत होती.

“आम्ही पोचलो तवा खोली मोकळी हुती. म्हातारी म्हणाली, चष्मेवाली बहीण येऊन घिऊन गेली.” त्याने एक जिलेबी माझ्या पानात ठेवली. “कुठं हाय ती?”

“माहीत नाही, दादा.”

“वृंदे.”

“मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी तिला सांगूच दिलं नाही.”

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला खोटं बोलता येत नाही हे लहानपणापासून घरात सगळ्यांना माहीत आहे. मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात. दादाने माझे कान बघितले. बराच वेळ बघितले. मग त्याने मान वळवली आणि ताट घेऊन पुढच्या पानाकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासमोर घाबरून काही सांगून टाकलं नव्हतं. सांगायला माझ्याकडे काही नव्हतंच.

हात धुवायला मागे गेले तर नळापाशी मावशी उभी होती, सारिकाची आई. तिथे दुसरं कोणी नव्हतं. तिने पदराने माझे हात पुसले, मी लहान असल्यासारखे.

“त्यानं विचारलं ते मी ऐकलं,” ती म्हणाली. “त्याला न्हाई सांगितलंस, बेस केलंस. आता मला सांग. मी कुणाला बोलणार न्हाई.”

“मावशी, मला खरंच माहीत नाही.”

“गाव नगं सांगू. सुखानं हाय का, येवढंच सांग. पोरबाळ झालं का?”

“माहीत नाही.”

“हाय तरी ना गं?”

मी मान खाली घातली. दादाला जे उत्तर देताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं, तेच उत्तर आता तोंडातून निघत नव्हतं. मावशी वाट बघत राहिली. मग तिनेही, मुलाने बघितले होते तसेच, माझे कान बघितले.

“बरं हाय,” ती शेवटी म्हणाली आणि पदर सोडला. “मला कळलं असतं तर मी गेलेच असते. अन् माझ्या मागनं तो आला असता.”

आतून कोणीतरी तिला भात वाढायला हाक मारत होतं. ती डोळे पुसून आत गेली.